पुस्तकावरचं नाव

प्रागच्या किल्ल्याकडे जाणारी नेरूदोवा गल्ली चांगलीच चढणीची आहे, पण दर चार घरांमागे थांबायला निमित्त मिळतं. घरांना नंबर देण्याआधीच्या काळात इथली घरं दारावरच्या चिन्हांनी ओळखली जायची, आणि ती चिन्हं अजून जागच्या जागी आहेत. एका दारावर तीन व्हायोलिनं, दुसऱ्यावर सोन्याची किल्ली, आणि चढ संपत आला की ४७ नंबरच्या घरावर दोन सूर्य. या घरात यान नेरूदा राहत असे. मी त्याच्यासाठीच आले होते. १८७८ साली पुस्तकरूपाने आलेल्या त्याच्या माला स्त्रानाच्या, म्हणजे याच वस्तीच्या, गोष्टी मी कॉलेजात असताना इंग्रजीतून वाचल्या, आणि या उतारावरचे दुकानदार, भाडेकरू, भिकारी, खानावळीत ठरलेल्या टेबलाशी बसणारे म्हातारे माझ्या ओळखीचे झाले. गरिबाच्या घरात वाढलेल्या माणसालाच दिसावं असं पुष्कळ काही त्या गोष्टींत आहे.

याच नेरूदाने १८७० साली एक छोटी पुस्तिका काढली होती. तिचं नाव ‘प्रो स्त्राख झिदोव्स्की’, म्हणजे ‘ज्यूंच्या भीतीपायी’. हे शब्द योहानाच्या शुभवर्तमानातले, म्हणजे चर्चमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाच्या कानावरचे. ज्यू हे इथे राहणारं परकं राष्ट्र आहे, ते जर्मनांच्या बाजूचे आहेत, आमच्या व्यापारावर बसले आहेत, तेव्हा चेक माणसाने त्यांच्यापासून स्वतःची सुटका करून घ्यावी, असा त्या पुस्तिकेचा सूर. ज्यूंना समान हक्क मिळून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. दोन सूर्यांखाली मी बराच वेळ उभी राहिले. ज्या हाताने भिकाऱ्याचं दुःख इतक्या मायेने लिहिलं, त्याच हाताने हेही लिहिलं.

गेली काही वर्षं मी अनुवादांतून चेक साहित्य वाचते आहे. या भाषेतली कितीतरी उत्तम पुस्तकं ज्यू लेखकांची आहेत, आणि याच भाषेतल्या मोठ्या माणसांनी त्यांना वेळोवेळी सांगितलं की ही भाषा तुमची नाही. हे मला टोचत होतं. म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आले.

नदी ओलांडून ज्यू वस्तीत, म्हणजे योसेफोव्हमध्ये गेले. जुन्या दफनभूमीतले एकमेकांवर कललेले हजारो दगड पाहिले, पण माझा वेळ गेला तो शेजारच्या पिंकास सिनेगॉगमध्ये. आत काहीच नाही. नुसत्या भिंती, आणि भिंतींवर जमिनीपासून वरपर्यंत हाताने लिहिलेली नावं. बोहेमिया आणि मोराव्हियातून नेऊन मारलेल्या जवळजवळ ऐंशी हजार ज्यूंची नावं आहेत ही. ती गावांप्रमाणे लावली आहेत. आडनाव तांबड्या अक्षरांत एकदाच, मग काळ्यात घरातल्या एकेकाचं नाव, जन्मतारीख, आणि तो माणूस जिवंत असल्याची शेवटची तारीख. दोन नावांच्या मधे छोटीशी चांदणी. एका आडनावापुढे मी सात नावं मोजली. शेवटच्या बाळाच्या दोन तारखांमध्ये तीन वर्षंही नव्हती. अक्षरं इतकी बारीक आहेत की दोन पावलं मागे सरलं की भिंतीला नुसता करडा रंग दिल्यासारखा वाटतो, आणि पुढे आलं की पुन्हा माणसं.

१९५०च्या दशकात दोन चित्रकारांनी, वाक्लाव्ह बोश्तीक आणि यिर्झी यॉन यांनी, ही नावं पहिल्यांदा लिहिली. १९६८मध्ये जमिनीतली ओल वर चढते म्हणून सिनेगॉग बंद झालं, आणि पुढे दुरुस्तीच्या नावाखाली भिंतींचा गिलावाच काढून टाकला. कम्युनिस्ट राजवट संपेपर्यंत ते दार बंदच राहिलं. १९९२ ते १९९६ या काळात पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात करून सगळं लिहून काढलं. मी पाहत होते ते हे दुसऱ्यांदाचं अक्षर.

इथल्याच ज्यू संग्रहालयात यिर्झी वाइल काम करत असे. १९४२मध्ये त्याला हद्दपारीचा हुकूम आला तेव्हा त्याने व्हल्तावा नदीत जीव दिल्याचा देखावा केला आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिला. त्याची ‘तारा लावून जगणं’ ही कादंबरी १९४९मध्ये आली. नव्या राजवटीला ती पसंत पडली नाही. वाइलला लेखक संघाबाहेर काढलं. त्या राजवटीने आपल्याच पुढाऱ्यांवर चालवलेल्या १९५२च्या स्लान्स्की खटल्यात चौदा आरोपींपैकी अकरा जणांच्या नावापुढे ‘ज्यू वंशाचा’ अशी नोंद आरोपपत्रातच होती, आणि अकरा जण फासावर गेले. त्या दिवसांत वाइल इथे बसून मेलेल्यांच्या वस्तूंची टिपणं करत होता. १९५८मध्ये त्याने या मृतांसाठी एक शोकगीत लिहिलं, आणि त्याच्या नावातच आकडा घातला: ७७,२९७.

दुसऱ्या दिवशी राशीनच्या नावाच्या रस्त्याने नदीच्या कडेने चालत निघाले. ट्राम जातात, माणसं कुत्री फिरवतात, पाण्यावर हंस असतात. ३० ऑगस्ट १९४१ रोजी यिर्झी ऑर्टेन या रस्त्यावर होता. त्या दिवशी त्याला बावीस वर्षं पूर्ण झाली. तो सिगारेटी आणायला बाहेर पडला, रस्ता ओलांडताना एका जर्मन रुग्णवाहिकेने त्याला उडवलं आणि फरफटत नेलं. एका रुग्णालयाने ज्यू आहे म्हणून ठेवून घ्यायला नकार दिला. त्याला दुसरीकडे हलवलं आणि १ सप्टेंबरला तो गेला. ज्यूंनी छातीवर पिवळा तारा शिवलाच पाहिजे, हा फतवा नेमका त्याच तारखेचा आहे.

ऑर्टेनचं खरं आडनाव ओहरेनश्टाइन. चेक कवितेत त्याच्या पिढीचा तो सगळ्यात लखलखीत आवाज, असं मानणारे आजही पुष्कळ आहेत. पण तो जिवंत असताना त्याचं एकही पुस्तक त्याच्या नावाने निघालं नाही. १९३९मध्ये आलेल्या पहिल्या संग्रहावर नाव आहे कारेल यीलेक. १९४१च्या ‘ओह्नित्से’वर यिर्झी याकुब. ज्यूचं नाव छापायला बंदी होती. तो डायऱ्या लिहायचा, निळी, चट्ट्यापट्ट्याची आणि लाल अशा तीन वह्या. १९४०च्या ऑक्टोबरात त्याने एका वहीत स्वतःला काय काय करायला मनाई आहे याची यादी केली. रात्री आठनंतर बाहेर पडायचं नाही. स्वतंत्र घर भाड्याने घ्यायचं नाही. बागेत जायचं नाही, रानात जायचं नाही. ट्रामच्या शेवटच्याच डब्यात चढायचं. ठरवून दिलेल्या तासांतच दुकानात जायचं. कुठल्याही शाळेत जायचं नाही. यादी लांब आहे आणि ती तो किराण्याच्या यादीसारखी लिहितो, कुठेही आवाज न चढवता. मी ती प्रथम वाचली तेव्हा पुस्तक मिटून गॅलरीत जाऊन उभी राहिले होते. इथे, त्या रस्त्यावर, मला बागेचीच ओळ आठवत होती. कारण समोर नदीच्या बेटावर बाग होती आणि तिच्यात एक मुलगा बाकावर पाय पसरून वाचत पडला होता.

ऑर्टेनचा धाकटा भाऊ झ्देनेक तेरेझीनला गेला. मीही गेले, बसने तासाभराची वाट. दुसऱ्या योसेफ बादशहाने बांधलेल्या या किल्लेवजा गावात १९४१पासून नाझींनी १ लाख ४० हजारांहून अधिक माणसं आणून कोंबली. सुमारे ३३ हजार तिथेच मेली, आणि त्यांच्याही दुपटीहून जास्त पुढे पूर्वेकडे पाठवली गेली. जिथे आता संग्रहालय आहे ती मुळात शाळा होती, आणि घेटोच्या काळात मुलांची राहण्याची जागा. एका खोलीतली मुलं ‘वेदेम’ नावाचं साप्ताहिक काढायची. संपादक चौदा वर्षांचा पेत्र गिन्झ. एकच प्रत, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने वाचायची. झ्देनेकच्या कविता त्यात आहेत. जवळजवळ आठशे पानं भरतील इतका मजकूर त्या पोरांनी लिहिला, आणि लिहिला तो चेक भाषेत. त्यांना ज्या देशातून उचलून आणलं होतं त्याच देशाच्या भाषेत. पेत्र ऑश्विट्झहून परतला नाही. झ्देनेक परतला.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोल्नाला जायला निघाले. यिहलावाची गाडी पकडली, तिथून पुढे बस. या रुळांवरची दोन स्टेशनं मला हवी होती. पहिलं कुत्ना होरा. ऑर्टेन इथे जन्मला, १९१९मध्ये. त्याच्या वीस वर्षं आधी, १८९९च्या सप्टेंबरात, याच गावच्या कोर्टात पोल्नाच्या लेओपोल्ड हिल्स्नरला फाशीची शिक्षा झाली होती; त्याची गोष्ट पुढे येईलच. दुसरं स्टेशन हाव्लीचकूव्ह ब्रोद. या गावाचं जुनं नाव ‘जर्मन ब्रोद’ असं होतं. १९४५मध्ये ते बदलून त्याला कारेल हाव्लीचेकचं नाव दिलं. हाव्लीचेक हा चेक पत्रकारितेचा बाप. ऑस्ट्रियन सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून त्याला घरातून उचलून हद्दपार केलं होतं. मराठी वाचकाला असा माणूस परका वाटणार नाही, आपल्याकडेही संपादक असेच तुरुंगात गेले. गाडी पाच-सात मिनिटं थांबली. मी फलाटावरच्या पाटीकडे पाहत होते आणि आठवत होते झीगफ्रीड कापर.

कापर प्रागचा, स्मीखोव्हचा. १८४६मध्ये त्याने ‘चेक पानं’ नावाचा कवितासंग्रह काढला. चेक भाषेत कविता लिहिणारा तो पहिला ज्यू कवी. चेक भूमीवर आपलं प्रेम आहे, आम्हालाही आपलं म्हणा, अशी त्या संग्रहाची कळवळ. हाव्लीचेकने त्याचं परीक्षण केलं आणि लिहिलं की ज्यू हे वेगळं, सेमिटिक राष्ट्र आहे. एकाच वेळी दोन मातृभूमी कशा असतील? ज्याला चेक व्हायचं त्याने ज्यू असणं सोडावं. ज्यूंनी हवं तर जर्मनांत मिसळावं. कापर तेव्हा पंचविशीच्या आसपास होता. चार वर्षांनी हाव्लीचेकने ज्यूंच्या हक्कांची बाजू घेतली, हेही खरं आणि ते सांगितलंच पाहिजे. पण कापरच्या पुस्तकाला जे ऐकून घ्यावं लागलं ते पुढे शंभर वर्षं फिरत राहिलं.

जर्मनचा हा प्रश्न काय होता तेही सांगायला हवं. दुसऱ्या योसेफने १७८०च्या दशकात ज्यूंना शिक्षणाची दारं उघडली, पण अट घातली जर्मन शाळांची आणि जर्मन व्यवहाराची. दोन पिढ्यांत शहरी ज्यू जर्मन बोलू लागले. मग चेक माणूस आपली भाषा वर काढायला उभा राहिला तेव्हा त्याला ज्यूच्या तोंडी राज्यकर्त्याची भाषा दिसली. जर्मनांना दिसला तो नुसता ज्यू. १८९७च्या डिसेंबरात सरकारी कामकाजाच्या भाषेविषयीच्या हुकमांवरून प्रागमध्ये दंगल पेटली. आधी जर्मनांच्या काचा फुटल्या, आणि मग चेक बोलणाऱ्या-न बोलणाऱ्या सगळ्याच ज्यूंच्या. मला मराठीचा अभिमान आहे. मराठी पाटी दिसली नाही की राग येतो. म्हणूनच असेल, नेरूदा आणि हाव्लीचेक मला लांबचे वाटत नाहीत, आणि त्यांनी जे लिहिलं त्याने जिवाला घोर लागतो.

पोल्ना शांत गाव आहे. लेखक बोहुमिल ह्राबालचं लहानपण काही काळ इथल्या बिअरच्या कारखान्यात गेलं. जुन्या ज्यू मोहल्ल्याचा चौक तिकोनी, घरं ठेंगणी, आणि सतराव्या शतकातल्या सिनेगॉगमध्ये छोटं संग्रहालय. १८९९मध्ये ईस्टरच्या आठवड्यात जवळच्या ब्रझेझिनाच्या रानात आनेश्का ह्रूझोवा या एकोणीस वर्षांच्या मुलीचं प्रेत सापडलं. ती शिवणकाम करायची आणि संध्याकाळी त्या रानातून घरी परतायची. गळा कापलेला. जखमेच्या मानाने रक्त कमी दिसतं, अशी कुणीतरी शंका काढली, आणि मध्ययुगापासूनची ती बात गावभर झाली: ज्यूंनी सणासाठी नरबळी दिला. संशय हिल्स्नरवर. वय बावीस, चांभारकाम शिकलेला, बहुतेक वेळ बेकार, आईबरोबर या मोहल्ल्यात राहणारा. कोर्टात मुलीच्या घरच्यांतर्फे उभा राहिलेला वकील कारेल बाक्सा पुढे प्रागचा महापौर झाला. जत्रेत विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या, चित्रांची पोस्टकार्डं, वर्तमानपत्रं, सगळीकडे रक्ताचीच गोष्ट. साहित्याचा इतिहास लिहिणारे या चोपड्यांकडे सहसा वळत नाहीत. माझ्या मते वळायला हवं, कारण नेरूदाची पुस्तिका वाचणाऱ्यांपेक्षा ही गाणी गाणारे कितीतरी जास्त होते.

त्या गदारोळात एक प्राध्यापक पुढे आला, तोमाश मासारिक. त्याने खटल्याची कागदपत्रं तपासून फेरसुनावणीची मागणी करणारी पुस्तिका लिहिली. त्याचेच विद्यार्थी वर्गात ओरडून त्याचं व्याख्यान बंद पाडू लागले. मासारिक खेड्यात वाढलेला. लहानपणी ज्यूच्या बोटांना रक्त लागलंय का ते आपण पाहायचो, असं त्याने पुढे लिहून ठेवलं आहे. ज्याच्या मनात ही भीती लहानपणीच घातली गेली होती, त्यानेच उठून ती खोटी ठरवली. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. फेरखटला पिसेक गावात झाला, पुन्हा फाशी, मग बादशहाने ती जन्मठेप केली. १९१८च्या मार्चमध्ये हिल्स्नर माफी मिळून सुटला. त्याच वर्षी मासारिक नव्या चेकोस्लोव्हाकियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला.

संग्रहालयात बसलेल्या आजींना माझ्याबद्दल कुतूहल वाटलं. त्यांचं इंग्रजी आणि माझं जर्मन, दोन्ही तोकडी. “तुमच्याकडे ज्यू होते?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आमच्या कोकणात शेकडो वर्षांपासून आहेत, तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. घरात मराठी बोलतात. त्यांची आडनावंही आमच्यासारखीच, गावावरून: पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. आजींनी ती दोन आडनावं माझ्याकडून कागदावर लिहून घेतली, आणि बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या गावात १९४५नंतर एकही घर उरलं नाही.”

प्रागला परतल्यावर झेलिव्हस्केहो मेट्रोजवळच्या नव्या ज्यू दफनभूमीत गेले. काफ्का इथे आहे, आईवडिलांसोबत एकाच थडग्यात, पायाशी तिन्ही बहिणींच्या नावांची पाटी. त्या तिघीही नाझींनी मारल्या. काफ्का जर्मनमध्ये लिहायचा, पण त्याला चेक भाषेत पहिल्यांदा आणलं मिलेना येसेन्स्काने, १९२०मध्ये. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात प्रागमध्ये ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्याने मिलेनाला पत्रात लिहिलं की जिथे आपला एवढा द्वेष होतो तिथून निघून जाणंच स्वाभाविक नाही का. ही पत्रं मिलेनाने १९३९मध्ये विली हास या मित्राच्या स्वाधीन केली. हास ज्यू, त्याला पळावं लागलं. पत्रं प्रागमध्ये नातेवाइकांकडे ठेवून तो थेट मुंबईला आला आणि मोहन भवनानींच्या सिनेमांसाठी लिहू लागला. त्याला बोलावून घेणारा वॉल्टर कॉफमन आधीपासून मुंबईत रेडिओवर होता. आकाशवाणीची पहाटेची धून त्याचीच, आणि त्याची बायको गेर्टी ही काफ्काची भाची. मिलेना १९४४मध्ये राव्हेन्सब्रूकच्या छावणीत मेली. हासने ती पत्रं १९५२मध्ये छापली. माझ्या आईच्या स्वयंपाकघरात रोज त्या धुनेने दिवस सुरू व्हायचा. काफ्काच्या थडग्याशी ती माझ्या कानात वाजत होती, आणि ज्यांच्याबद्दल वाचत आले ती माणसं आमच्या गिरगावातल्या रस्त्यांवरून चालली होती या विचाराने मला रडू आलं.

ऑर्टेनचं थडगं याच दफनभूमीत आहे. तिथे कुणीच नव्हतं. लोक ठेवतात तसा एक खडा ठेवला. ओता पाव्हेलही इथेच. मूळ ओट्टो पॉपर. युद्धानंतर घराने आडनाव बदललं. त्याच्या एका गोष्टीत बाप छावणीत जाण्याआधी गावच्या तळ्यातले मासे रात्री बर्फ फोडून काढतो, जर्मनांना रिकामं तळं मिळावं म्हणून. बापाबद्दल इतक्या आनंदाने लिहिलेलं मी फार थोडं वाचलं आहे.

शेवटच्या दिवशी जुन्या पुस्तकांच्या एका दुकानात शिरले. मला कारेल पोलाचेकची एक कादंबरी हवी होती. पोलाचेक हा चेक विनोदाचा मोठा माणूस, फुटबॉलवेड्यांवरची त्याची कादंबरी अजून वाचतात, आणि ‘आम्ही पाच जण होतो’ ही लहानपणाची गोष्ट त्याने हद्दपारीची वाट पाहत असताना लिहिली. १९४३मध्ये तो तेरेझीनला गेला, पुढच्या ऑक्टोबरात ऑश्विट्झला, आणि परतला नाही. मला हवी होती ती १९४१ची आवृत्ती, ‘दगडी टेबलाची खानावळ’. ज्यूचं पुस्तक छापता येत नाही म्हणून व्लास्तिमिल राडा या चित्रकार मित्राने तिला आपलं नाव दिलं होतं. पकडला गेला असता तर त्याचीही धडगत नव्हती.

मी आडनावांच्या क्रमाने लावलेल्या फळ्यांवर ‘र’ शोधला, दोनदा बोट फिरवलं, सापडलं नाही. दुकानदाराला नाव सांगितलं. तो शिडी घेऊन दुसऱ्या टोकाला गेला आणि ‘प’च्या फळीवरून, पोलाचेकच्या पुस्तकांमधून, एक पिवळं पडलेलं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं. मुखपृष्ठावर छापलं होतं: व्लास्तिमिल राडा.